सुगरण : पावसाळ्यात पिवळीधमक, हिवाळ्यात चिमणीसारखी

विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लटकलेले खोपे सगळ्यांच्या ओळखीचे. पण तेच पाखरू हिवाळ्यात ज्वारीच्या कणसावर बसलं, तर अनेकजण त्याला चिमणीच समजतात. कारण सुगरण पक्ष्यातला नर हंगामाप्रमाणे रंग बदलतो.

रंग कसा बदलतो?
सुगरण साधारण १५ सेंटीमीटर लांब, म्हणजे चिमणीएवढी. पाऊस जवळ आला की नराची जुनी पिसं गळून नवी येतात. डोकं आणि छाती पिवळी होते, गाल व गळा काळपट तपकिरी होतो, चोचही गडद होते. मादीला हा पिवळा रंग येत नाही. वीण संपली की पिसं पुन्हा झडतात आणि नरही मादीसारखा मातकट, पाठीवर रेघा असलेला दिसतो. जाड चोच आणि आखूड शेपूट ही खूण मात्र बारमाही.

खोपा कोण विणतो?
नाव बाईचं, पण विणकाम नराचं. गवत, भात, ऊस यांच्या पानांच्या पट्ट्या काढून तो खोपा विणतो. खोपा अर्धा झाला की मादी पाहणी करते. तिला पसंत पडला तरच तो पुरा होतो. मग नर दुसरा खोपा विणायला घेतो. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीम इथे या पक्ष्यांच्या विणीचा अभ्यास केला होता.

खाणं काय?
हिवाळ्यात गवताचं बी, ज्वारी, बाजरी, भात. पावसाळ्यात पिल्लांना मात्र नाकतोडे, अळ्या असे किडे भरवले जातात. म्हणजे खरिपाचं पीक वाढत असताना हे पाखरू कीडही टिपतं.

शेतकऱ्याने काय करावं?
दाणा दुधात असताना राखण लागतेच. गोफण, डब्यांचा आवाज, चमकणाऱ्या फिती यांचा उपयोग होतो. एकाच शेताची ज्वारी आधी निसवली तर थवे तिथेच तुटून पडतात. शिवारात पेरणी एकाच वेळी झाली तर नुकसान विभागलं जातं. विषारी दाणे टाकू नयेत. ते कोंबड्या आणि इतर पाखरांच्याही जिवावर बेततात. विहिरीवरची फांदी तोडायचीच असेल, तर खोपे रिकामे झाल्यावर, दिवाळीनंतर तोडावी.