कुटकीचा निम्मा वाटा

पुण्याच्या कसब्यातल्या तांबट आळीत शिरलं की आधी ठोके ऐकू येतात, मग माणसं दिसतात. मठारकाम चाललेलं असतं. हातोडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी लालसर पत्र्यावर एक चकचकीत टिकली उमटते. बंब, घंगाळ, हंडा. याच तांब्याचं भस्म ज्या गोळीत पडतं, ती गोळी वैद्य यकृतासाठी देतात: आरोग्यवर्धिनी.

हिचं कूळ 'रसरत्नसमुच्चय' या साधारण तेराव्या शतकातल्या ग्रंथात सापडतं. गोळीचं कर्तेपण नागार्जुनाकडे दिलंय, आणि गंमत म्हणजे ती आहे कुष्ठाच्या प्रकरणात. पारा, गंधक, लोह, अभ्रक, तांबं एकेक भाग. मग त्रिफळा, शिलाजित, गुग्गुळ, चित्रक. आणि या सगळ्यांच्या वजनाइतकी एकटी कुटकी. वर कडुनिंबाच्या पाल्याच्या रसाची भावना, म्हणजे त्या रसात घोटणं. म्हणजे निम्मी गोळी हिमालयातल्या एका कडूजहर मुळीची!

विषाला दोष एक, पण शुद्ध न केलेल्या तांब्याला आठ, अशी ताकीद रसशास्त्रच देतं. ओकारी आणि चक्कर त्यातच आली. तेव्हा धातूंवर पहारा म्हणून कुटकी घातली असेल, असं म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. चरकाने कुटकीला भेदनीय गणात, कोठा मोकळा करणाऱ्यांत, केव्हाच बसवलं होतं. ती स्वतःच्या हक्कानं आली. पहारेकरी ही तिची ओळख प्रयोगशाळांनी अलीकडे करून दिली. उंदरांना कॅडमियम किंवा शिसं द्यायचं, सोबत एखाद्या वनस्पतीचा अर्क, आणि रक्तातली यकृताची एन्झाइम्स मोजायची. वाड्याच्या परसात पावसाळ्यात आपसूक उगवणारी भुईआवळीसुद्धा या रांगेत आहे. आकडे उतरतात, पण उंदरांचे. माणसांवरचा पुरावा तुटपुंजाच आहे.

तांब्यानं यकृत बिघडल्याची माणसांची गोष्ट मात्र कसब्याहून हाकेच्या अंतरावर, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात घडली. तान्ह्या मुलांचं यकृत दगडासारखं घट्ट व्हायचं आणि मुलं दगावायची. डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. टॅनर यांनी घरातल्या भांड्यांकडे बोट दाखवलं: वरचं दूध पितळी भांड्यात तापवलं, ठेवलं जात होतं आणि त्यात तांबं उतरत होतं. हा निबंध 1983 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. वेळेत आलेल्या काही मुलांना पेनिसिलामाइननं वाचवलं. ते तांब्याला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. पुढे घरोघरी स्टील आलं आणि हा आजार जवळजवळ नाहीसा झाला.

आजीचं पितळी पातेलं मोडीत काढू नका. कल्हई लावून घ्या, आणि तान्ह्याचं दूध तेवढं स्टीलमध्ये तापवा.