‘येते’ म्हणायचं कुणाला?

फ्रेंचमध्ये निरोप घेताना ‘ओ रव्वार’ म्हणतात, म्हणजे पुन्हा भेटेपर्यंत. ‘आद्यू’ म्हणजे देवाच्या हवाली. बहुधा कायमचाच निरोप. आपण मात्र ‘येते’ म्हणतो. ‘जाते’ म्हटलं की घरची म्हातारी माणसं दटावतात.

धार जिल्ह्यातल्या निसरपुरला ‘येते’ पुरलं नाही. सरदार सरोवराचे दरवाजे जून 2017मध्ये बंद झाले. सप्टेंबर 2019मध्ये पाणी 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीला भिडलं आणि बाजारपेठेचं हे गाव बुडालं. काहींना वरच्या वसाहतीत प्लॉट मिळाले, काहींचं भांडण पुढेही चालूच राहिलं.

त्याच महिन्याच्या सुरुवातीला संवत्सरी होती. ‘मिच्छामि दुक्कडम्’ आपण माणसांना म्हणतो, जीवमात्राला म्हणतो. उंबऱ्याला काय म्हणायचं? शेजारणीला निदान ‘येते’ म्हणता येतं, ती वर वसाहतीत असली तर.