लोराचं कूळ

शेतातल्या टाकीत पाणी किती आहे, हे दोन-तीन किलोमीटरवरच्या घरात कळावं. सिमकार्ड नको, महिन्याचं बिल नको, बॅटरी महिनोन्‌महिने पुरावी. हौशी मंडळींची ही मागणी आज 'लोरा' या रेडिओ पद्धतीचं आगपेटीपेक्षा लहान मॉड्यूल भागवतं. २०१७ मध्ये फुग्यासोबत सोडलेल्या अशाच एका प्रक्षेपकाचा संदेश अवघ्या २५ मिलिवॅटवर ७०२ किलोमीटर दूर पोचला. (वाटेत अडथळा नव्हता म्हणून. पुण्याच्या पेठांच्या बोळांत ही आशा धरू नये.)

ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. लोराचं विचारलं तर ते थेट रडारपाशी जाऊन पोचतं.

रडारवाल्यांची अडचण दुहेरी होती. लांबचं विमान दिसायला स्पंदात भरपूर ऊर्जा हवी, आणि शेजारी उडणारी दोन विमानं वेगळी ओळखायला स्पंद आखूड हवा. आखूड स्पंदात तेवढी ऊर्जा कोंबण्याचा दम त्या वेळच्या प्रक्षेपकांत नव्हता. तोडगा असा निघाला: स्पंद लांबच ठेवायचा, पण त्याची वारंवारता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सरकवत न्यायची. परतल्यावर आधी आलेला भाग जास्त थोपवायचा, नंतरचा कमी. मग सगळी ऊर्जा एकाच क्षणी गोळा होते. बेल लॅब्जमध्ये सिडनी डार्लिंग्टन यांनी यावर काम केलं. १९५१ मध्ये तिथल्याच बी. एम. ऑलिव्हर यांच्या टिपणाच्या शीर्षकात 'चर्प' (चिवचिवाट) हे नाव आलं, आणि १९६० मध्ये डार्लिंग्टन व सहकाऱ्यांनी सगळा सिद्धान्त छापला. वटवाघळं शिकारीत हेच फार आधीपासून करत आली आहेत, ती गोष्ट वेगळी.

विमान शोधणारी ही युक्ती निरोपासाठी जुंपली ती फ्रान्समधल्या ग्रेनोब्लच्या 'सिक्लिओ' या छोट्या कंपनीनं. सरकती वारंवारता पट्ट्यात नेमकी कुठून सुरू झाली, यावरून आकडा ओळखायचा. हेच लोरा. सर्वांत संथ पद्धतीत सुरुवातीच्या ४,०९६ जागा असतात आणि १२५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एक फेरी सुमारे ३३ मिलिसेकंद चालते. सेकंदाला जेमतेम तीनशे बिट! फोटो विसरा. पण गोंगाट संदेशाच्या शंभरपट असला तरी निरोप वाचता येतो, आणि 'टाकी अर्धी' कळवायला एवढं पुष्कळ झालं.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या सेमटेकनं सिक्लिओ विकत घेतली. हौशींच्या हाती अर्डुइनो बोर्ड २००५ पासून होताच, ईएसपी३२ ही चिप २०१६ मध्ये आली, आणि २०२० मध्ये लोरावरून निरोप पाठवणारं मेशटॅस्टिक हे सॉफ्टवेअर.

पाच वॅटच्या आत खंड ओलांडणाऱ्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींचा वारसा लोरावाले हक्कानं सांगतात. मला तो अर्धाच पटतो. हॅम आपला रेडिओ स्वतः डाग देऊन जोडत. इथे रेडिओ बंद चिपमध्ये आहे. आतली मांडणी कंपनीनं उघड केली नव्हती, म्हणून २०१६ मध्ये संशोधक मॅट नाइट यांना ती सॉफ्टवेअर-रेडिओवर उकलावी लागली. आपल्या हाताचं उरतं ते अँटेना, तिची उंची आणि चिपला झोपवून वीज वाचवणं. पल्ला आणि बॅटरीचं आयुष्य मात्र बरंचसं त्यावरच ठरतं.

तेव्हा पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मॉड्यूल घेताना आधी वारंवारता विचारा. भारतात २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा एक वॅटपर्यंत विनापरवाना खुला झाला, आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला. स्वस्तात मिळणारी पुष्कळ मॉड्यूलं ४३३ ची असतात आणि तिथली मुभा फार तोकडी आहे. आणि अँटेना लावल्याशिवाय प्रक्षेपण सुरू करू नका. चिप जळू शकते.