मराठा मंदिरातले दोन बाप

आमच्या आजीला मरेपर्यंत वाटत होते की मराठा मंदिर हे देवीचे देऊळ आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, एस. टी. त कंडक्टर होते. पनवेलहून मुंबई सेंट्रलला गाडी घेऊन जात. रात्री जेवताना "मराठा मंदिरापाशी आज फार गर्दी होती" असे ते म्हणाले, की आजी बसल्या जागी हात जोडी. तिचा हा समज घरात कोणी दूर केला नाही. देऊळ नसून ते सिनेमाचे थेटर आहे हे तिला सांगावे, तर लेक रोज थेटरापाशी काय करतो, ही चौकशी मागे लागली असती.

मुंबई सेंट्रलच्या आगारातून बाहेर पडले की हाकेच्या अंतरावर हे चित्रगृह आहे. ते १९५८ साली उघडले. हजाराच्या आसपास माणूस बसेल एवढा त्याचा पसारा. मुंबईत त्याहून देखणी चित्रगृहे होती. पण दोन प्रेमकथांनी या वास्तूचे नाव जेवढे गाजवले, तेवढे भाग्य दुसऱ्या कुठल्या चित्रगृहाच्या वाट्याला आले असेल असे मला वाटत नाही. या दोन्ही कथा खरे तर प्रेमिकांच्या नाहीत. त्या बापांच्या आहेत. हे मला उशिरा उमगले, आणि उमगण्याचे कारण घरातलेच आहे. ते पुढे सांगतो.

महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. १९६० च्या ऑगस्टची ५ तारीख. पावसाळ्याचे दिवस, आणि मराठा मंदिरापुढे शृंगारलेला हत्ती! के. आसिफ यांच्या 'मुघल-ए-आझम'च्या पेट्या त्या दिवशी हत्तीवरून आल्या. चित्रगृहाचा दर्शनी भाग मुघल महालासारखा सजवला होता आणि बाहेर पृथ्वीराज कपूर यांची चाळीस फुटी आकृती उभी होती. तिकिटांसाठी लोक दिवस दिवस रांगेत बसले, घरून आलेले डबे त्यांनी रस्त्यावरच सोडले. आज एका बोटाने तिकीट काढणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगितले, की ते मी कादंबरी लिहितो हे लक्षात घेऊन हसतात.

मी पेशाने चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिकनंतर रंगांच्याच मागे लागलो, म्हणून मला त्या सजावटीतला एक माणूस विशेष जवळचा वाटतो. त्या चित्रपटाची पोस्टरे आणि मराठा मंदिरावरचे भव्य देखावे रंगवले ते कोल्हापूरच्या जी. कांबळे यांनी. व्ही. शांताराम यांच्या राजकमलमधला हा कसबी चित्रकार आसिफ यांनी आपल्याकडे ओढून आणला. पुढे शिवाजी महाराजांचे जे चित्र शासनाने मान्य केले, तेही याच कांबळ्यांच्या कुंचल्यातले. वर्गात महाराजांच्या तसबिरीकडे बोट दाखवून मी मुलांना सांगतो, की याच हाताने अनारकलीही रंगवली आहे. मुले तसबिरीकडे नव्याने पाहतात.

अनारकली मात्र इतिहासात सापडत नाही. अबुल फजलच्या अकबरनाम्यात तिचा पत्ता नाही. सलीमने बापाविरुद्ध बंड केले हे खरे, पण ते तख्तासाठी. लाहोरला तिच्या नावाची कबर आहे आणि तिथल्याच इम्तियाज अली ताज यांनी १९२२ साली तिच्यावर नाटक लिहिले. तिथून ती पडद्यावर आली. १९२८ च्या मूकपटात आणि १९३५ च्या बोलपटात सुलोचना अनारकली झाली. तीच सुलोचना १९५३ च्या 'अनारकली'त सलीमची आई झाली! एकाच जन्मात प्रेयसीची सासू होण्याची ही गंमत फक्त सिनेमातच घडते. 'मुघल-ए-आझम'मध्ये ती आई आपल्या दुर्गाबाई खोट्यांच्या वाट्याला आली. नवरा आणि मुलगा यांच्यामध्ये उभ्या राहिलेल्या त्या बाईचा चेहरा पाहिला, की मला दिलीपकुमार-मधुबालाही काही वेळ दिसेनासे होतात.

शेवट आठवतो ना? बादशहा दासीच्या पोरीला भिंतीत चिणण्याची शिक्षा देतो. पण तिच्या आईला पूर्वी दिलेला शब्द त्याला आठवून दिला जातो, आणि तो अनारकलीला भुयारातून गुपचूप सोडून देतो. अट एकच: सलीमला ती मेली असेच वाटले पाहिजे. म्हणजे बाप विरघळला, पण ते जगाला दिसता कामा नये. दया करायची तीही भुयारातून!

त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १९९५ च्या दिवाळीच्या तोंडावर, २० ऑक्टोबरला 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' लागला. दिग्दर्शक आदित्य चोप्रा अवघा चोवीस वर्षांचा. नायिका काजोल म्हणजे शोभना समर्थांची नात, 'रामराज्य'मधल्या सीतेची. हाही चित्रपट तीन तासांहून लांब. मराठा मंदिरात तो जो बसला तो उठेचना. मिनर्व्हात 'शोले' पाच वर्षे चालला होता, त्याचे नवल मागे पडले. २०१४ च्या डिसेंबरात एक हजार आठवडे पुरे झाले. २०१५ च्या फेब्रुवारीत तो उतरवायचे ठरले, तर लोकांनी एवढा गिल्ला केला की पुन्हा लावावा लागला. २०२० साली टाळेबंदीने सारी चित्रगृहे महिनोन् महिने बंद पाडली, ती उघडल्यावर हा परत आला. २०२५ मध्ये त्याला तीस वर्षे झाली. वेळ सकाळी साडेअकराची. हजाराव्या आठवड्याच्या सुमारासही तिकीट पंधरा ते वीस रुपयांच्या घरात होते. समोर रेल्वे, बाजूला एस. टी.; ज्याची गाडी संध्याकाळची, त्याने तीन तास सावलीत, पंख्याखाली काढायला याहून स्वस्त जागा मुंबईत कुठली?

यातला नायक मुलीला पळवून न्यायला तयार नाही. मुलीची आई दागिने हातात ठेवून "पळा" म्हणते, तरी नाही. त्याला बापाची संमती हवी. आणि तो बाप, अमरीश पुरी, शेवटच्या घटकेला चालत्या गाडीपाशी मुलीचे मनगट धरून उभा राहतो, आणि सोडतो. भुयार नाही. भर फलाटावर, चारचौघांदेखत. गोष्ट पंजाबातली, पण तो फलाट आमच्या पनवेल तालुक्यातल्या आपटा स्टेशनचा आहे. शूटिंग स्वतः डोळ्यांनी पाहिले असे छातीठोकपणे सांगणारे आमच्याकडे इतके निघाले, की ते सगळे तिथे असते तर फलाटावर नायकाला पाय ठेवायला जागा उरली नसती.

आता घरातले. १९९३ साली माझ्या ताईने जातीबाहेर लग्न केले. नोंदणी पद्धतीने, घरी न सांगता. अण्णांनी तिचे नाव टाकले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. फक्त घरात तिच्याविषयी बोलणे बंद झाले. आई भाऊबीजेला एक पाट जास्तीचा मांडी आणि अण्णा यायच्या आत उचलून ठेवी. मी तेव्हा शाळकरी पोर. पाच वर्षे अशी गेली. १९९८ च्या भाऊबीजेला सकाळी अण्णांनी फराळाची पिशवी माझ्या हातात दिली आणि बुटाची नाडी बांधत, वर न पाहता म्हणाले, "ताईकडे जाऊन ये. येताना दोघांना घेऊन ये." एवढेच.

अण्णा २०११ साली गेले. त्यांची तिकिटांची जुनी पत्र्याची पेटी मी ठेवून घेतली होती. गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत तिच्या झाकणाच्या आतला पुठ्ठा सुटला, आणि मराठा मंदिराच्या तिकिटांचे आठ तुकडे खाली पडले. सहा स्टॉलचे. अकराला गाडी लावायची आणि चारला परतीची फेरी, अशी ड्यूटी त्यांना पुष्कळदा असे.

सिनेमाने अण्णा बदलले, असे मी म्हणणार नाही. कादंबरीकाराला हा मोह फार पडतो, आणि माणूस तीन तासांत बदलत नाही, हे मास्तराला ठाऊक असते. ते पंख्यासाठीही जात असतील. पण सहा वेळा?

ताईला घेऊन मी मराठा मंदिरात गेलो. स्टॉलमध्येच बसलो. मागे दोन हमाल गाढ झोपले होते, पुढे एक नवे जोडपे सामानासकट बसले होते. शेवटी स्टेशन आले तेव्हा ताई मोठ्याने म्हणाली, "अरे, हे तर आपले आपटा!" आणि मग अमरीश पुरीने हात सोडीपर्यंत ती काही बोलली नाही. बाहेर आगारात चहा घेताना तिने विचारले, "आठ तुकडे म्हणालास. सहा स्टॉलचे. मग दोन?"

ते दोन बाल्कनीचे होते. एकाला एक लागून आलेल्या नंबरांचे.

घरी आलो तेव्हा आई करंज्या भरत होती. आम्ही ते दोन तुकडे तिच्यापुढे ठेवले. तिने चष्मा वर करून पाहिले, पुन्हा खाली घेतला. "सारण कोरडे झालेय," ती म्हणाली, "जरा दुधाचा हात लाव गं."