हाफलिंगर घोड्याचा साज

हाफलिंगर घोड्याचा साज : रुंद, गोलाकार पाठीच्या हाफलिंगर जातीच्या घोड्यासाठी लागणारे खोगीर, तंग, दुमची, लगाम इत्यादी सामान व त्याची निवड. ही जात आल्प्स पर्वतातल्या टिरोल प्रांताची. मेरान शहराच्या वरच्या पठारावर हाफलिंग नावाचे गाव आहे, त्यावरून तिचे नाव पडले. १८७४ मध्ये श्लुडर्न्स येथे जन्मलेला फोली हा वळू या जातीचा मूळ पुरुष मानतात. त्याचा बाप अर्धा अरबी होता, आई स्थानिक डोंगरी घोडी. आजच्या प्रत्येक शुद्ध हाफलिंगरचे कूळ फोलीपर्यंत जाते. तांबूस-सोनेरी अंग, पांढुरकी घनदाट आयाळ आणि साधारण १४० ते १५० सेंमी. उंची ही या जातीची ओळख. पहिल्या महायुद्धानंतर दक्षिण टिरोल इटलीकडे गेले आणि पैदास दोन देशांत विभागली गेली. ऑस्ट्रियाच्या बाजूला एब्स येथील पैदास केंद्र प्रसिद्ध आहे.

साजाच्या दृष्टीने या इतिहासातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराला ओझ्याची जनावरे हवी होती, म्हणून बुटके व जड घोडे पैदा केले गेले. नंतर स्वारीसाठी उंच, सडपातळ घोड्यांकडे कल वळला. त्यामुळे एकाच जातीत दोन तऱ्हेच्या पाठी आढळतात. ‘हाफलिंगरचे खोगीर’ म्हणून विकली जाणारी वस्तू प्रत्येक हाफलिंगरला बसेलच असे नाही. जातीचे नाव पाहून खोगीर घेणे म्हणजे गावाचे नाव पाहून चप्पल घेण्यासारखे आहे.

पाठीची ठेवण : घोड्याच्या मानेच्या मुळाशी, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, कण्याचा एक उंचवटा असतो. शर्यतीच्या किंवा मारवाडी घोड्यात तो ठळक दिसतो आणि खोगिराला दोन्ही बाजूंनी रोखून धरतो. जुन्या ठेवणीच्या हाफलिंगरमध्ये हा उंचवटा बसका, मांसल असतो. फासळ्या बाहेरच्या बाजूला कमानीसारख्या फुगलेल्या असतात आणि कण्याच्या दोन्ही अंगांना पाठ जवळजवळ सपाट असते. वरून पाहिले तर पिंपावर आयाळ लावल्यासारखे वाटते. शिवाय पाठ आखूड असते. घोड्याला फासळ्यांच्या अठरा जोड्या असतात. शेवटच्या फासळीच्या मागे खोगिराचा भार जाऊ नये, हा नियम येथे पाळणे अवघड जाते. स्वार उंच असेल तर जास्तच.

सांगाडा : खोगिराच्या आत लाकडाचा, धातूचा किंवा कृत्रिम द्रव्याचा सांगाडा असतो. पुढच्या भागातली त्याची कमान घोड्याच्या खांद्यांमागे बसते. नेहमीच्या सांगाड्याची कमान उलट्या ‘व्ही’सारखी असते, अशी कमान कितीही रुंद केली तरी तिच्या बाजू उतरत्याच राहतात. गोल पाठीला उलट्या ‘यू’सारखी, वरून चपटी कमान लागते. इंग्रजी पद्धतीच्या खोगिरांत हिला हूप ट्री म्हणतात. ग्राहकाचे सगळे लक्ष सेंटिमीटरवर असते, आणि फसगत येथेच होते. ‘एक्स्ट्रा वाइड’ अशी पट्टी लावलेले ‘व्ही’ कमानीचे खोगीर कण्याच्या दोन्ही बाजूंना टोकांनी टेकते आणि मध्ये पोकळ राहते. रुंदीचे शब्दही सर्वत्र एकसारखे नाहीत. एका कारखान्याचे ‘वाइड’ दुसऱ्याचे ‘मीडियम’ असू शकते. अमेरिकी वेस्टर्न पद्धतीत क्वार्टर हॉर्स जातीच्या पाठीवर बेतलेल्या सांगाड्याच्या पाट्यांना ‘सेमी’ आणि ‘फुल’ अशी नावे आहेत. हाफलिंगरसाठी काही कारागीर वेगळा, अधिक सपाट साचा ठेवतात, आणि तो निदान विचारून पाहण्यासारखा असतो.

खोगिराच्या तळाशी असलेल्या दोन गाद्यांच्या मधली पन्हळ पुढून मागपर्यंत किमान तीन-चार बोटे रुंद असावी, म्हणजे कण्याला स्पर्श होत नाही. गाद्यांचा तळ सपाट आणि रुंद हवा. निमुळत्या गाद्यांवर सगळा भार थोड्या जागेत एकवटतो. आसन लांब नको. अशा घोड्यावर स्वाराच्या मापाचे मोठे आसन हवे असेल, तर गाद्या आखूड आणि टोकाला वर वळलेल्या असलेले खोगीर शोधावे लागते.

घसरणे : हाफलिंगरच्या मालकांची सर्वांत मोठी तक्रार खोगीर घसरण्याची आहे. पिंपावरून वस्तू घरंगळते, तसे ते एका बाजूला फिरते किंवा पुढे सरकून मानेवर चढते. पहिला उपाय बहुतेक जण एकच करतात : पोटाखालचा तंग आणखी आवळतात. त्यातून श्वासाला अडथळा, काखेत ओरखडे आणि तंग घालताना चावणारा घोडा निपजतो. खोगीर मात्र घसरतच राहते. कारण बहुधा उलट असते. अरुंद सांगाडा गोल पाठीवर खाली न बसता वर तरंगतो, गुरुत्वमध्य उंच जातो, आणि तो सहज कलंडतो. खोगिराखाली वेगळी जाड गादी घातली की तो आणखी वर जातो. आवळणाऱ्या बुटात जाड मोजे घालण्यातलाच हा प्रकार. जास्त रुंद सांगाडाही चालत नाही. त्याचे नाक खाली झुकते आणि स्वार पुढे लोटला जातो.

पुढे सरकण्याचे कारण वेगळे आहे. तंग आपोआप पोटाच्या सर्वांत अरुंद जागी जाऊन बसतो आणि या घोड्यात ती जागा पुढे, कोपराजवळ असते. खोगिराचे तंगपट्टे सरळ खाली असले तर तंग पुढे जाताना खोगीरही ओढले जाते व खांद्याच्या पाटीवर चढते. पुढचे पाऊल टाकताना ही पाटी मागे फिरते, तिला जागा मिळाली नाही तर चाल आखडते. उपाय म्हणजे सांगाड्याच्या टोकाला जोडलेला पुढचा पट्टा, मागे संतुलनाचा पट्टा आणि कोपराजवळ वळण दिलेला तंग. डोंगर उतरताना दुमची लावतात. ही शेपटीखालून जाऊन खोगीर मागे धरते. घोड्याला तिची हळूहळू सवय लावावी लागते. छातीवरून जाणारा पेशबंद खोगिराला मागे जाऊ देत नाही, पण बाजूला फिरण्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. सांगाडा नसलेली मऊ खोगिरे या पाठीसाठी सुचवली जातात. सपाट वाटेवर, तोल सावरून बसणाऱ्या स्वाराखाली ती चालतात. मात्र जमिनीवरून रिकिबीत पाय देऊन चढायला गेले की फिरतात. त्यासाठी चढण्याचा ओटा किंवा स्टूल वापरावे. साधी गोष्ट आहे, आणि पुष्कळ घसरणारी खोगिरे तेवढ्याने थांबतात.

भरण : मराठीत ‘खोगीरभरती’ म्हणजे निरुपयोगी भर. ज्याने हा शब्द रूढ केला त्याने कधी खोगीर शिवले नसावे. गाद्यांत भरलेली लोकर किंवा कृत्रिम तंतू हीच घोडा आणि सांगाडा यांच्यामधली खरी जोड असते. ती काही महिन्यांत दबते, गठ्ठे होतात, आणि तेवढ्याच जागी दाब वाढतो. नव्या खोगिराला वापराच्या पहिल्या वर्षात भरण नीट करून घेणे आवश्यक असते. महाराष्ट्रात जीनगर ही जमात जीन म्हणजे खोगीर घडवण्याच्या कसबावरूनच ओळखली गेली. भारतात आज खोगिरांच्या निर्यातीत कानपूरचे नाव मोठे आहे, आणि ‘कानपूर सॅडलरी’ला भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. हा माल बहुतांशी परदेशी मापांवर बनतो. गोल पाठीचा साचा मागून घेणे शक्य असते.

मापन : वाकवता येणारी पट्टी खांद्याच्या पाटीच्या दोन बोटे मागे आडवी दाबून कागदावर रेघ काढतात. तसेच मध्यभागी व शेवटच्या फासळीपाशी, आणि शेवटी कण्याच्या बाजूने उभी. या चार रेघा कारागिराला पाठीचे चित्र देतात. घोडा समतल जमिनीवर, चारही पायांवर सारखा उभा हवा. खोगीर आधी खालच्या सुट्या गादीशिवाय ठेवून पाहतात : आसनाचा सर्वांत खोल भाग मध्यावर यायला हवा, आणि हात गाद्यांखालून पुढून मागे सहज, एकसारख्या दाबाने सरकायला हवा. अर्धा तास काम झाल्यावर घामाचा ठसा पाहतात. ओल्या भागात कोरडा चट्टा आढळला तर तेथे दाब आहे. पाठीवर उगवलेले पांढरे केस जुन्या दाबाची खूण असतात. ते परत रंगत नाहीत.

हे सारे करूनही माप कायमचे नसते. हाफलिंगर थोडक्यावर गुजराण करणारी जात आहे, आणि कोवळ्या गवताच्या ऋतूत भराभर फुगते. अशा घोड्यांना खुरांच्या आतल्या दाहाचाही धोका असतो. एप्रिलला बसणारे खोगीर ऑगस्टला आवळते, व आहार कमी केला की पुन्हा सैल होते. वर्षातून दोनदा तरी पाठ तपासली पाहिजे. सांगाड्याची पट्टी बदलता येणारी खोगिरे या जातीला म्हणूनच उपयोगी पडतात, जरी पट्टी बदलून ‘व्ही’ कमान ‘यू’ होत नसली तरी.

लगाम : हाफलिंगरचे डोके आखूड आणि कपाळ रुंद. गालपट्टे बऱ्याचदा मध्यम, कॉब मापाचे लागतात, पण कपाळपट्टी पूर्ण, फुल मापाची घ्यावी लागते. ती लहान असली की कानांच्या मुळाशी काचते. एकाच मापाचा पूर्ण संच घेण्यापेक्षा भाग वेगवेगळे निवडणे शहाणपणाचे. घनदाट आयाळीखाली मस्तकपट्टीचा दाब नजरेला पडत नाही, हाताने चाचपावा लागतो. तोंडातली कांब जाड असली की मऊ, असे मानतात. पण आखूड तोंड व मांसल जीभ असलेल्या घोड्यात जाड कांबेला जागाच उरत नाही.

गाडीचा व ओझ्याचा साज : मूळची ही डोंगरवाटांवरची जात. ऑस्ट्रियाच्या व जर्मनीच्या लष्करात आजही ती ओझी वाहते. भारतीय लष्करानेही डोंगरी भागातल्या ओझ्याच्या जनावरांच्या पैदाशीसाठी हाफलिंगर आणून पाहिले होते, पण उष्णतेपुढे तो प्रयोग टिकला नाही. गाडीसाठी जाड मानेवर बंद गळपट्टा बसवणे जिकिरीचे असते, त्यामुळे हलक्या गाडीला छातीवरचा पट्टा पसंत करतात. ओझ्याच्या खोगिराला दुमचीबरोबर मांड्यांमागून जाणारा पट्टाही लागतो, कारण ओझे स्वारासारखा तोल सावरत नाही.