प्रशीतकातील अन्नसाठवण, घरगुती : (भंडारा जिल्हा)

शिजविलेले व नाशवंत अन्न थंड कपाटात ठेवून त्याचा टिकाऊपणा वाढविण्याची पद्धत. भंडारा हा वैनगंगेच्या खोऱ्यातील, मालगुजारी तलावांचा व धानाचा जिल्हा असल्यामुळे येथे या पद्धतीचा प्रश्न मुख्यतः भाताचा आहे.

प्रशीतक येण्यापूर्वी अन्न टिकविणे म्हणजे त्यातील पाणी काढून टाकणे, असे समीकरण होते. धान वाळवून कणगीत वा ढोलीत भरीत; त्यात कडुनिंबाचा पाला घालीत. तलावातील बारीक मासे उन्हात सुकवीत, उन्हाळ्यात सांडगे-पापड होत. पाण्याचा माठ बाष्पीभवनाने गार होतो. म्हणून वैशाखाच्या कोरड्या हवेत तो उत्तम चाले, पण पावसाळी दमट हवेत त्याचा गारवा फारसा राहत नसे. शिजविलेले अन्न साठविण्याची खरी सोय नव्हतीच. ते बेताने रांधावे, उरलेले शिंक्यावर ठेवावे व सकाळी संपवावे, अशी रीत होती. भातउत्पादक प्रदेशांत उरलेला भात रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी खात. तो काहीसा आंबे. पितळी भांड्यांसाठी भंडारा शहर प्रसिद्ध होते. पण कल्हई उडालेल्या भांड्यात ताक किंवा चिंचेचे सार कळकते, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असे.

भारतात गारवा आयात मालाच्या रूपानेही आला. फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने १८३३ मध्ये बॉस्टनहून कलकत्त्यास नैसर्गिक बर्फ जहाजाने पाठविला. पुढे मुंबईतही तो येऊ लागला. बाष्प-संपीडनाने गारवा निर्माण करणाऱ्या यंत्राचे एकस्व जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये घेतले होते. घरगुती प्रशीतक मात्र विसाव्या शतकातील आहे. भारतात गोदरेज कंपनीने १९५८ मध्ये त्याचे उत्पादन सुरू केले. सामान्य व्यवहारात त्यास फ्रिज म्हणतात. खेड्यांत तो विजेच्या मागोमाग, पुष्कळ उशिरा पोहोचला.

नव्या कपाटाबरोबर एक गैरसमजही आला : आत ठेवलेले अन्न सुरक्षितच असते. वस्तुतः थंडीने सूक्ष्मजंतू मरत नाहीत. त्यांची वाढ मंदावते. यासाठी आतील तापमान ५° से.च्या आसपास किंवा त्याखाली असावे लागते. भाताच्या बाबतीत धोका विशेष आहे. बॅसिलस सीरियस या जंतूचे बीजाणू तांदळात आढळतात व शिजण्याच्या उष्णतेतही टिकतात. भात तासन्‌तास उघड्यावर राहिला, तर ते रुजून विष निर्माण करतात. ओकारी आणणारे त्यांचे विष भात पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. रात्रभर चुलीशेजारी राहिलेला भात सकाळी प्रशीतकात ठेवणे म्हणूनच निरर्थक होय. तो पसरट भांड्यात लवकर निववून, शक्यतो तासाभरात झाकून आत ठेवावा व दुसऱ्या दिवशी संपवावा. मोठे पातेले जसेच्या तसे आत सारल्यास मधला भाग कित्येक तास कोमटच राहतो.

कच्चे मासे व मांस झाकणाच्या डब्यात, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावे. त्यांचे पाणी शिजविलेल्या अन्नावर ठिबकता कामा नये. कप्पे ठासून भरल्यास गार हवा खेळत नाही. दाराच्या फळीवर तापमान सर्वाधिक बदलते, म्हणून दूध तेथे ठेवण्याची सर्वत्र दिसणारी सवय चुकीची आहे. आंबट पदार्थ पितळेतून काढून पोलादी वा काचेच्या भांड्यात घालावेत. गारवा कल्हईचे काम करीत नाही.

२००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घकाळ भारनियमन होते. दार न उघडल्यास प्रशीतक साधारण चार तास गारवा धरतो. वीज त्याहून अधिक वेळ गेली की तो केवळ बंद कपाट उरतो. अशा वेळी दूध, मासे व भात यांचा वास किंवा चव पाहून निर्णय घेऊ नये, कारण बॅसिलस सीरियसचे विष भातास वास आणीलच असे नाही. कणगीतील धानास हा प्रश्न नव्हता.