बावीस हजार तीनशे, पण कशाचे?

विमान गेटवरून मागे सरतं तेव्हा खिडकीतून एकदा खाली बघा. कानाला हेडसेट लावलेला एक माणूस बाजूला येऊन उभा राहतो, लाल फीत बांधलेली एक पिन वैमानिकाला उंच धरून दाखवतो, आणि वैमानिकाने हात केल्यावरच तिथून निघतो. विमान ढकलताना पुढचं चाक वळवायची यंत्रणा त्या पिनेने बंद ठेवलेली असते. ती काढली, हे नुसतं सांगून भागत नाही, दाखवावं लागतं. एवढा सोपस्कार कशासाठी? त्याचं उत्तर शोधायला आज आपण कॅनडात जाणार आहोत, १९८३ साली.

एअर कॅनडाकडे तेव्हा बोइंग ७६७ विमानं नवीनच आली होती. त्यातल्या एकाचे इंधन दाखवणारे काटे अधूनमधून बंद पडायचे. एडमंटनला एका तंत्रज्ञाने शोधून काढलं की दोनपैकी एका सर्किटचा ब्रेकर ओढून ठेवला की काटे नीट चालतात. त्याने तसं केलं, ब्रेकरवर खुणेची पट्टी लावली आणि लॉगबुकात नोंद केली. इथपर्यंत सगळं बरोबर.

२३ जुलैला ते विमान मॉन्ट्रियलला होतं. तिथल्या तंत्रज्ञाने नोंद वाचली आणि तपासून बघायला तो ब्रेकर पुन्हा आत ढकलला. काटे गेले. तेवढ्यात इंधनाचं काम आलं, तो तिकडे वळला, आणि ब्रेकर पुन्हा ओढायचा राहिला. पट्टी मात्र तशीच! थोड्या वेळाने कॅप्टन बॉब पिअरसन आले. आधीच्या वैमानिकाशी झालेल्या बोलण्यातून त्यांचा समज असा झाला होता की हे विमान काट्यांशिवायच उडत आलंय. समोर बघतात तर काटे बंद, म्हणजे त्यांच्या समजाला पुरावाच मिळाला. नोंद होती, निरोपही दिला गेला होता. पण पोचला तो वेगळाच.

आता काटे नाहीत म्हटल्यावर टाक्यांतलं इंधन हाताने मोजायचं. मोजलं, ७,६८२ लिटर निघालं. पुढच्या प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला कशाने तरी गुणायला हवं. इंधनाच्या पावतीवर आकडा होता १.७७. जमिनीवरचे कर्मचारी आणि वैमानिक, दोघांनी मिळून तोच वापरला. गुणाकार अचूक होता. पण १.७७ हा एका लिटरचे *पौंड* सांगणारा आकडा! किलोसाठी साधारण ०.८ हवा होता. कॅनडात तेव्हा मेट्रिक मापं येत होती, आणि कंपनीच्या ताफ्यात किलोवर चालणारं हे पहिलंच विमान होतं. आपल्याकडे मण-शेर जाऊन किलो आले तेव्हा बाजारात काही वर्षं दोन्ही मापं चालायची, तसाच काळ होता तो. फरक एवढाच, की इथे चूक झाली तर रस्त्यात थांबून वाण्याला विचारता येत नाही.

भरायला हवं होतं सुमारे वीस हजार लिटर. भरलं पाच हजाराच्याही आत. वैमानिकांनी विमानाच्या संगणकात २२,३०० किलो असं घातलं, आणि संगणक बिचारा तेवढं आहे असं धरून हिशोब करत राहिला. ओटावाला थांबले तेव्हा पुन्हा मोजलं, पुन्हा त्याच १.७७ ने गुणलं. म्हणजे तपासणी दोनदा झाली आणि चूकही दोनदा झाली.

वाटेत हवेतच इंजिनं एकामागून एक बंद पडली. विमानात ६९ माणसं. पिअरसन यांना ग्लायडर चालवायची सवय होती. सहवैमानिक मॉरिस क्विंटल पूर्वी हवाई दलात असताना गिमली नावाच्या तळावर राहिले होते, त्यांना तिथली धावपट्टी आठवली. ती बंद होऊन तिथे मोटारींच्या शर्यती चालतात, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. धावपट्टीवर माणसं होती, मुलं सायकली चालवत होती. पुढचं चाक नीट बसलं नाही, विमान नाकावर घसरत थांबलं. काहींना किरकोळ लागलं, पण वर-खाली एकही जीव गेला नाही.

कंपनीने आधी वैमानिकांवर आणि तंत्रज्ञांवर कारवाई केली. नंतर न्यायमूर्ती जॉर्ज लॉकवूड यांच्या चौकशीत खरा प्रश्न पुढे आला: हा हिशोब करायचा होता कोणी? जुन्या मोठ्या विमानांत कॉकपिटमध्ये तिसरा माणूस असे, फ्लाइट इंजिनिअर. इंधनाचा हिशोब त्याच्याकडे. ७६७मध्ये त्याची खुर्ची काढली, पण त्याचं काम कोणाच्या नावावर नीट चढवलंच नाही. वैमानिकांना वाटलं ते खालच्यांचं, आणि खालच्यांना किलोचा हिशोब कोणी धड शिकवला नव्हता. त्या दिवशी कामचुकार असा कोणीच नव्हता, हे लक्षात घ्या. प्रत्येक जण काही ना काही करत होता. फक्त "एक पॉइंट सत्त्याहत्तर काय? पौंड की किलो?" एवढं विचारणं कोणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं.

ते विमान दुरुस्त होऊन पुढे २००८पर्यंत उडत राहिलं. तेव्हा पुढच्या वेळी तो पिन दाखवणारा माणूस दिसला आणि निघायला दोन मिनिटं उशीर होतोय असं वाटलं, तर जरा दम धरा. खाली-वर दोघांना एकच गोष्ट कळली आहे ना, याची ते खात्री करून घेत असतात.